एका सुपाची दोन सुपं

“दिसभर पोरं निजत्यात, ही पाय पसरून बसती, आन वर म्हनं एका सुपाची दोन सुपं करा!”

साळूबाई कुडाला अलीकडून शेणमातीचा हात देत होती. मुद्दाम कान लावायची गरजच नव्हती. कूड इतका विरला होता की पलीकडं कुणी तंबाखू मळली तर अलीकडं शिंक यावी. बोलत होती सोजराबाई. तिच्याबरोबर बाळाबाई होती, पण ती नुसती हुंकार देत होती.

“हूं काय करतीस गं? तुजी तर तिसरी खेप. समदं खळंच नेऊन वत हिच्या दारात.”

“म्या काय बोलू वैनी?” बाळाबाई म्हणाली. “मोठी दोन साळूआक्कांनीच वाढवली माजी.”

“वाढवली म्हंजी? निजल्या पोरावरची माशी वारायला काय इद्या लागती?”

दोघी बोलत बोलत ओढ्याकडं उतरून गेल्या. साळूबाईच्या हातातला शेणाचा गोळा हातातच राहिला. निजल्या पोरांचं तिला एवढं लागलं नाही. निजतात ती काय आपोआप निजतात, असं ती मनाशी म्हणाली आणि जरा सुखावलीच. लागलं ते पाय पसरण्याचं. लावणीच्या दिवसांत तिच्या पडवीत सात पोरं, दोन झोळ्या आणि एक शेळी असायची. पाय पसरायला जागा होती कुठं?

पडवी म्हणजे दिराच्या घराची. सात वर्षांमागं नवरा गेला त्या साली धाकट्या दिरानं, रखमाजीनं, ती तिला तोडून दिली आणि साऱ्या उत्रोलीनं त्याची वाहवा केली. पडवीच्या कोपऱ्यात एक चूल होती. या जगात साळूबाईनं आपलं म्हणावं असं जे काही होतं, ते ती चूल. जमिनीवर नाव नव्हतं. पोटचं एकही जगलं नव्हतं. पण सकाळी कधी उठायचं, पाणी किती तापवायचं आणि भाजीत मीठ किती घालायचं हे तिला कुणी सांगत नव्हतं. ही काय दौलत आहे ते ज्यांनी जावांच्या हाताखाली दिवस काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको.

ती चूल पेटायची गावच्या पोरांवर. बायका लावणीला, कापणीला गेल्या की अंगावरची पोरं साळूबाईकडं. तिला जे मिळे त्याला मजुरी असं कुणी म्हणत नसे. रीत होती. पाचवीला ज्या सुपात पोर निजवलं, त्याच सुपानं पीक आल्यावर भात मापून द्यायचं, पोरामागं सालाला एक सूप. खळ्यावर सुतार, लोहार, कुंभार, न्हावी आपापलं घेऊन गेले की सगळ्यांच्या शेवटी साळूबाईनं गोणपाट पसरायचं. आणि हे माप मोडायचं नाही. पहिल्या पोराला जे माप तेच पाठच्या भावंडांना. माप मोडलं की पोराला बाधतं, असं जुन्या बाया सांगून गेलेल्या. अशा गोष्टी त्या सांगून जातात आणि निस्तरायला आपल्याला ठेवतात.

संस्थान विलीन होऊन पाचसहा वर्षं झाली. भोरच्या कचेरीवरचं निशाण बदललं, गूळ महागला, तेल महागलं. सूप मात्र राजाच्या वेळचंच राहिलं. खरं तर तेवढंही नाही राहिलं. सुपाची कड झिजते आणि माणसाचा हात आखडतो, त्यामुळं ते सालोसाल उथळच होत चाललं होतं.

काम तेवढं खोल होत गेलं. आधी लावणी गावालगतच्या खाचरांत असायची. आता गावातल्या मोठ्या खातेदारानं, गेनबानं, ओढ्यापलीकडची पडीक जमीन ताली घालून भाताखाली आणली होती आणि गावातल्या निम्म्या बायका त्याच्याकडंच रोजावर जायच्या. दुपारी अंगावरची पोरं बांधावर नेऊन पाजून आणायची हा साळूबाईचा शिरस्ता. एक काखेत, एक पाठुंगळी, डोईवर इरलं आणि पायाखाली गुडघाभर ओढा. पहिली दोन पोचवून यायची, मग दुसरी दोन. मागं राहिलेल्या चालत्या पोरांच्या कमरेला सुंभ बांधून ते खुंटाला. परत येऊन पाहावं तर त्यातल्या एकानं शेळीची लेंडी खाल्लेली. शिवाय पेज. आया पूर्वी पोरामागं भाकरीचा चतकोर ठेवून जायच्या. आता ‘येते गं आक्का’ एवढंच ठेवून जायच्या. पोरं त्यावर जगत नव्हती.

तर मिरगाची पेरणी उरकून लावणी तोंडावर आल्यावर साळूबाईनं मनाशी ठरवलं की यंदा बोलायचं. आधी शेळीला सांगून पाहिलं. शेळीनं काही हरकत घेतली नाही. मग दुसऱ्या दिवशी बायका तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटायला आल्याच्या गोष्टी करत पडवीत टेकल्या होत्या, तेव्हा तिनं एका दमात सांगून टाकलं.

“यंदापास्नं पोरामागं दोन सुपं घेनार म्या.”

सोजराबाई म्हणाली, “माप मोडू ने आक्का. पोराला बाधतं.”

“मोडतंय कोन? सूप तेच. येकदा भरता ते दोनदा भरा.”

“आन माया गं? माया काय आता सुपानं मापायची?”

“माया म्या फुकट देते. पेज फुकट व्हत न्हाई.”

मागं बसलेली बनाबाई खुदकन हसली आणि सोजराबाईकडं बघून गप झाली.

“तशी काय तरास देनारी पोरं हाईत व्हय आमची?” सोजराबाई म्हणाली. “हितं आनली की निजत्यात.”

“निजत्यात, कारन म्या निजवते,” साळूबाई म्हणाली. आणि ते खरंच होतं असं तिला मनापासून वाटत होतं. पोराच्या छातीवर तळवा पालथा ठेवायचा, जोर द्यायचा नाही, नुसती ऊब द्यायची. चार श्वासांत पोर आपल्या तालावर यायचं. सकाळी आया त्यांना झोपेतून उचलूनच आणायच्या, डोळे जड असायचे, पण ते तळव्याखाली मिटायचे ते असे मिटायचे की शेजारणी बघायला यायच्या. उभ्या आयुष्यात तिला कुणी चांगलं म्हटलं असेल तर ते एवढ्याच एका गोष्टीसाठी.

तिच्या या बोलण्यावर बायका एकमेकींकडं बघतील असं तिला वाटलं. एकीनंही दुसरीकडं बघितलं नाही. सगळ्या आपापल्या पायाच्या बोटांकडं बघत राहिल्या.

मग तिनं कुडाच्या पलीकडलं ते बोलणं ऐकलं, आणि आठवडा उलटायच्या आत पोरं जायला लागली.

वेशीजवळ पारूबाई राहायची. साठीची म्हातारी, दोन्ही पोरं मुंबईला, सुनांचं तोंड दिसत नाही आणि पैशाचंही नाही. तिनं गावात सांगितलं, म्या एका सुपावर सांभाळते. एवढ्यावर थांबती तर गोष्ट वेगळी होती. पण ती पुढं म्हणाली, आन दुपारी पाजायची बी कटकट न्हाई. माज्याकडली पोरं उठत न्हाईत.

लावणीत बायका एका ओळीत वाकलेल्या असतात. त्या ओळीला पात म्हणायचं. सगळ्यांनी एकदम मागं सरकायचं, हातातला तरवा रोवत. एखादी पाजायला उठली की तिच्या जागी भोक पडतं, ते बांधावर उभ्या असलेल्या माणसाला लांबून दिसतं. शेजारणींना तिचा भाग ओढावा लागतो, त्या ओढतात आणि ऐकवतात. संध्याकाळी गेनबाचा माणूस तिचा रोज अर्धा धरतो. तेव्हा पोर दुपारी उठत नाही, हे पारूबाईचं बोलणं एका सुपापेक्षा कितीतरी मोठं होतं.

सोजराबाई पहिली गेली, आणि जाताना चार माणसांत भाषण करून गेली. बाकीच्यांनी काही न बोलता पोरं आणायचं सोडलं. उरली बनाबाईची दीड वर्षाची पोर. चालतं पोर पारूबाई घ्यायची नाही.

बाळाबाई सगळ्यांत शेवटी आली. पोर कडेवर होती, चिंगी, आठ महिन्यांची. आल्या आल्या बाळाबाईनं झोळीतली गोधडी काढून घडी घालायला सुरुवात केली. साळूबाई बघत राहिली.

“तू बी?”

“सासूबाई म्हनत्यात.”

“सासूला मधी घालू नगंस. हे बघ, तुज्याकडनं एकच सूप घेते. कुनाला सांगू नगंस म्हंजी झालं.”

हे बोलताना साळूबाईलाच आपल्या तोंडाचा राग आला. दोन सुपं मागायला तिनं सात वर्षं लावली होती आणि सोडायला सात श्वासही नाही लावले.

“सुपाचं न्हाई आक्का.”

“मंग कशाचं?”

“दुपारी उठावं लागतंय ना पाजाया. गेनबाचा मानूस निस्ता बघतोय. धनी म्हनलं, अर्ध्या रोजात घर भागत न्हाई.” धनी म्हणजे कुंडलिक. तोही गेनबाकडंच औताला होता.

चिंगीनं साळूबाईच्या पदराचं टोक तोंडात धरलं होतं. ते सोडवून घ्यायला दोघींपैकी कुणाचाच हात पुढं होईना. शेवटी साळूबाईनं सोडवलं. चोखून चोखून ओलं झालेलं ते टोक तिनं कमरेला खोचलं आणि म्हणाली, “जा. पात लागली आसंल.”

दोन दिवसांनी रखमाजी आला. उंबऱ्यातच बसला. चांगलं बोलायचं असलं की तो उंबऱ्यात बसायचा.

“वैनी, आता कशाला येगळी चूल? आमच्यात जेवा की. घरात आमची ही बी एकलीच मरमर करतीया.”

“म्हंजी तिची निम्मी मरमर म्या करायची.”

“आपल्याच घरचं काम ते. त्याला काय मरमर म्हनायचं?”

“तिनं केलं की मरमर, म्या केलं की घरचं काम. आन पडवीचं काय?”

“पडवीत बैलं बांधीन म्हनतो. गोठा लई गळतोया.” मग तिच्याकडं न बघता, “तुमाला काय, आत माजघरात हातरून टाकू.”

“नागपंचमीपातुर ऱ्हाऊ द्या भावजी.”

“ऱ्हाऊ द्या म्हंजी! म्या काय घालवतोय व्हय तुमाला?”

तो वाईट नव्हता. हेच अवघड होतं. वाईट माणसाशी भांडता येतं. या माणसाच्या मनात खरंच तिचं बरं करायचं होतं, आणि बरं करता करता तो तिच्या चुलीच्या जागी दावण घालणार होता.

नागपंचमीला अजून दिवस होते. साळूबाईनं शेजारच्या दोन वाड्यांवर निरोप धाडले. कुणाचं पोर असेल तर सांभाळते, एका सुपावर. उत्तर आलं की उत्रोलीत एक पारूबाई आहे म्हणतात, तिच्याकडली पोरं मुळी रडतच नाहीत.

पावसाची झड लागली आणि एका दुपारी तिची चूल विझली. सरपण ओलं, काड्यापेटी ओली. रखमाजीच्या चुलीतला विस्तव मागायचा नाही एवढं ठरवून ती शेणीचा तुकडा घेऊन वेशीपर्यंत चालत गेली, आणि वेशीपाशी पहिलं दार पारूबाईचं.

आत पोरं एका ओळीत निजली होती. सहा होती. भर दुपारी, बाहेर पत्र्यावर दगड पडावेत तसा पाऊस वाजत असताना, सहाच्या सहा निजलेली. एवढ्या पोरांत एखादं कुरकुरतं, एखादं झोपेत चोखल्यासारखं तोंड करतं, एखाद्याचा पाय उडतो. इथं काही नाही. चिंगी कडेला होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात माशी बसली होती आणि चांगली ठाण मांडून बसली होती. साळूबाई वाकली. माशी उडवली. डोळा अर्धा उघडा होता. बोटानं पापणी वर केली तर बाहुली मोहरीएवढी.

साळूबाईला कळायला वेळ लागला नाही. तिचं माहेर वेल्ह्याकडं, तोरण्याच्या पायथ्याला. तिथं तिच्या चुलतीनं एक पोर असंच निजवून वाढवलं होतं. ते मोठं झालं, पण त्याचं एकही वाक्य कधी पुरं झालं नाही. अर्ध्यात थांबायचं आणि समोरच्याकडं बघत राहायचं, जणू उरलेलं त्यानं सांगावं. त्याला निजवायला जे चाटवत त्यालाही घरात कुणी अफू म्हणत नव्हतं. पोर शांत आहे म्हणायचे.

“लई गुनाची पोरं हाईत,” पारूबाई म्हणाली.

“माशी बसली तरी हलंनात.”

“मंग? शिस्त लागली.”

“कवाची निजलीत पारूबाई?”

“तू इस्तव न्यायला आलीस का पंचाईत कराया?”

साळूबाईनं शेणीवर निखारा घेतला आणि निघाली. वाटेत तिच्या डोक्यात ते वाक्य तयार होतं, अगदी तोंडाशी. पण सांगणार कुणाला? जिनं दोन सुपं मागितली, तिनं एका सुपावाल्या म्हातारीवर बोट ठेवायचं म्हणजे गाव काय म्हणणार ते तिला घरी पोचायच्या आधीच ऐकू यायला लागलं. पोट जळतंय म्हणून बोलतीया. दोन सुपांनी तिची पोरं तर नेलीच, तिचं बोलणंही नेलं.

तरी ती ओढा ओलांडून बांधावर गेली. पात लागलेली होती, बारा पाठी एका उतारानं वाकलेल्या, वर इरली. बाळाबाई टोकाला होती. तिच्या चोळीवर पावसाच्या ओलीहून वेगळी ओल दिसत होती. दुपारची वेळ, अंग भरून आलेलं, आणि पिणारं पोर वेशीजवळ निजलेलं.

“बाळे, चिंगी लई निजतीया गं.”

बाळाबाईनं मान वर केली नाही. “निजू द्या की.”

“तशी न्हाई गं. मला काय बरं वाटंना. सांजच्याला येकदा तिच्या डोळ्यांकडं बघ.”

सोजराबाई पातीतूनच बोलली, हात थांबवला नाही. “तुज्याकडं निजायची तवा त्यो तुजा गुन, आन पारूबाईकडं निजली की दोष व्हय गं आक्का?”

दोघीतिघी हसल्या. गेनबाच्या माणसानं बांधावरून ‘ए, काय चाललंय’ म्हटलं. पात एक पाऊल मागं सरकली. साळूबाई पुढं उभी होती आणि त्या सगळ्या तोंड तिच्याकडं ठेवून तिच्यापासून मागं मागं जात होत्या. लावणीत असंच जातात, तरी तिला ते बघवेना.

त्यानंतर चार दिवस गेले असतील. दुपारी साळूबाई बनाबाईच्या पोरीला पेज भरवत होती, तर पारूबाई धावत आली. डोईवर काही नाही, केस भिजून गालाला चिकटलेले, पदरात गुंडाळलेलं काहीतरी.

“साळे, ही उठंना. साळे, बघ गं हिला.”

चिंगी होती. अंग गार, ओठ जांभळसर, आणि श्वास असा लांब लांब की एक झाल्यावर दुसरा येईलच असं वाटेना. साळूबाईनं तिला हिसकावूनच घेतलं. थंड पाणी तोंडावर मारलं. तळपाय चोळले, कांदा फोडून नाकाशी धरला, कानाची पाळी नखानं चिमटली. उलटी धरून पाठीत थापट्या मारल्या. ज्या तळव्यानं पोरं निजवायची, त्याच तळव्यानं तिनं त्या पोरीला मारलं, आणि मारताना मोठ्यानं नावं घेत राहिली, तिचं, तिच्या आईचं, कुलदैवताचं. पारूबाई खांबाला धरून ‘म्या काय केलं न्हाई, म्या काय केलं न्हाई’ म्हणत होती.

एक श्वास नीट आला. मग दुसरा.

“चल,” साळूबाई म्हणाली.

“कुठं?”

“हिच्या आयकडं.”

“म्या न्हाई येत.”

साळूबाईनं बनाबाईच्या पोरीच्या कमरेला सुंभ बांधला, रखमाजीच्या बायकोला हाक मारून बघायला सांगितलं आणि पारूबाईचा दंड धरला. एका हातात पोर, दुसऱ्या हातात म्हातारी, अशी ती ओढ्यात उतरली. पाणी मांडीला लागत होतं. ओढ्याच्या मध्यावर ती थांबली, पोरीला पुन्हा चिमटा काढला, तोंडाजवळ कान नेला, आणि पुढं निघाली.

बाळाबाईनं लांबूनच बघितलं. तिनं हातातला तरवा टाकला तशी पात मोडली. बांधावरचा माणूस ओरडला, पण बारा जणी एकदम उभ्या राहिल्यावर एका माणसाचं ओरडणं कुठं ऐकू येतं? बाळाबाई चिखलातून पडत झडत आली. पोर छातीशी घेतली, चोळी वर केली, स्तन तोंडात दिला. दूध आपोआप वाहत होतं, पोरीच्या गालावरून ओघळत होतं, पण ओठ धरत नव्हते. साळूबाईनं खाली बसून तळपायांना पुन्हा नख लावलं. आणि मग चिंगी रडली. रडणं कसलं ते, मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज. पण रडली.

बायका लगेच बोलायला लागल्या.

“दिष्ट लागली आसंल.”

“पावसाळी हवा. वारं शिरलं आंगात.”

“माप मोडायची भाषा झाली ना यंदा,” सोजराबाई म्हणाली. “म्या तवाच म्हनलं हुतं, पोराला बाधतं.”

हे ऐकून साळूबाई उभी राहिली. गुडघ्यापर्यंत चिखल, पदर कुठं ते भान नाही.

“पारूबाई,” ती म्हणाली, “काय घातलंस हिला?”

“नेमीचंच.”

“नेमीचं म्हंजी काय?”

“नेमीचंच गं. जास्त न्हाई. देवाशपथ जास्त न्हाई, रोजच्याइतकंच!” म्हातारी रडायला लागली.

नेमीचं म्हणजे काय, असं बाकी एकीनंही विचारलं नाही. कुणी इरलं सारखं केलं, कुणी हाताचा चिखल धुवायला वाकली. सोजराबाई पातीकडं बघून म्हणाली, “चला गं, उभ्यानं काय व्हनार. त्यो मानूस रोज कापील समद्यांचा.”

“म्या बी दिली हुती.”

बाळाबाईचा आवाज इतका साधा होता की आधी कुणाला कळलंच नाही. ती पोरीच्या तोंडाकडंच बघत होती.

“काय गं?” साळूबाई म्हणाली.

“आफू. सकाळी म्या दिली, घरनं निघताना, बोटाला लावून. दुपारी हिनं दिली. ही देती त्ये मला कुनी सांगितलं न्हाई, आन म्या देते त्ये हिला म्या सांगितलं न्हाई.”

पारूबाईचं रडणं थांबलं. ती चिखलातच खाली बसली.

“बाळे, गप ऱ्हा,” सोजराबाई म्हणाली.

“का गप ऱ्हाऊ वैनी? बाजारातनं समद्यांची तुमीच आनता.”

सोजराबाईनं इरलं कपाळावर ओढून घेतलं. पाऊस चालू होता. बांधावरच्या माणसानं काय समजायचं ते समजून पाठ फिरवली होती. बाळाबाईनं पहिल्यांदा मान वर केली आणि साळूबाईकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि माफी मागावी असंही काही नव्हतं. दिवसभर वाकलेली बाई उभी राहिल्यावर दिसते तशी ती दिसत होती.

“आन आक्का, तुमच्याकडं आनायची तवा बी देतच हुते म्या. हिला बी, आन मोठ्या दोघांना बी. एकली म्या न्हाई. आमी समद्याच देतो.”